शाकारलेल्या बोटी

मे महिन्यातलं शेवटचं मोठं उधाण कोणत्या तिथीला येतंय, हे डहाणू, धाकटी डहाणू, गुंगवाडा, चिंचणी, वरोर आणि तलासरी तालुक्यातल्या झाईच्या मच्छीमारांनी आधीच हेरून ठेवलेलं असतं. बोट किनाऱ्यावर घ्यायची तर पाणी जितकं वर चढेल तितकं हवं. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावरचे दोन-तीन दिवस त्यासाठी नेमके. भर भरतीला बोट काठाकडे जितकी आत नेता येईल तितकी न्यायची, दोरखंडांनी बांधायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. ओहोटी लागली की बोट आपसूक चिखलावर बसते. पुढचं काम माणसांचं. पूर्वी खाली ओंडके घालून, सगळी आळी दोराला लागून बोट ओढली जायची. आता मोठ्या बोटींसाठी क्रेन येते. तरी उधाण गाठावंच लागतं, कारण डहाणूची खाडी गाळाने भरलेली आहे आणि भरतीशिवाय बोट आत येतच नाही.

भरतीची वेळ काढायला जुन्या माणसांना छापील कोष्टक लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच मागे सरते, म्हणून हा पाऊणतासाचा हिशेब बसतो. मुंबईच्या आसपास तो बराचसा जुळतो. डहाणूकडे भरती त्याहून थोडी उशिरा पोचते. पाण्याची चढउतारही कोकणातून उत्तरेकडे जावं तशी वाढत जाते. खंभातच्या आखातात किनारा निमुळता होतो, आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि भावनगरच्या बाजूला ही चढउतार दहा मीटरच्या घरात जाते. डहाणू त्या वाटेवरचं गाव. इथे उधाण आणि भांग यांतला फरक डोळ्यांना दिसतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही.

ही घाई असते १ जूनच्या आत बोट वर घेण्यासाठी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्यावर तेवढेच दिवस, पण १५ एप्रिल ते १४ जून. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो आणि तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू होतो. त्यापलीकडे केंद्राचा हुकूम चालतो. बिगरयांत्रिकी होड्यांना बंदी नाही, पण आषाढातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे वल्ह्याची होडी घालायला सहसा कोणी धजत नाही. खाडीच्या आतल्या शांत पाण्यात बोय, जिताडा, चिंबोरी, निवटी यांवर ज्याचं त्याचं कालवण निघतं, इतकंच.

बोट वर आली की तिच्यावर छप्पर चढतं. घराचं शाकारतात तसंच बोटीचंही शाकारणं. आधी माडाची झावळं किंवा पेंढा असायचा, आता ताडपत्री आणि प्लॅस्टिक. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या वस्तूला पावसापासून झाकायचं कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतं. कारण साधं आहे: लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याचं भय जास्त. मीठ मुरलेल्या लाकडावर कुजवणारी बुरशी सहजी धरत नाही. पावसाचं पाणी मात्र बोटीच्या पोटात, फळ्यांच्या सांध्यांत साचून राहिलं तर आतून लाकूड मऊ पडायला लागतं. म्हणून आतली बाजू कोरडी ठेवायची.

बाहेरच्या बाजूचा हिशेब नेमका उलटा. समुद्रात बोटीच्या बुडाला दोन शत्रू असतात. एक उघडा दिसणारा: फळीला घट्ट चिकटून बसणारे, टोकदार कवचांचे बारके जीव. ते बूड खडबडीत करतात, बोट जड चालते आणि डिझेल जास्त जळतं. दुसरा आत शिरलेला. त्याला इंग्रजीत जहाजाचा किडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. कालव-तिसऱ्यांच्या गोतातला, लांबुळका, मऊ अंगाचा प्राणी आहे. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि मग आतल्या आत लाकूड पोखरत वाढतो. वरून फळी धडधाकट दिसते, बोटाने वाजवली की पोकळ बोलते. या प्राण्याला खारं पाणी लागतं. बोट दोन महिने चिखलावर, पावसाच्या धारांत राहिली की तो मरतो. म्हणजे ज्या पावसापासून बोटीचं पोट वाचवायचं, तोच पाऊस तिचं बूड साफ करतो. शिवाय वैशाखाच्या उन्हात लाकडी बोट महिनोन् महिने उघडी ठेवली तर फळ्या आक्रसून सांधे उघडतात. पावसाळ्याच्या ओल्या हवेत ते होत नाही. बोटी याच दिवसांत वर घ्यायच्या, या रिवाजामागे वादळवारा तर आहेच, पण लाकडाचं हे गणितही आहे. फायबरच्या बोटींना यातलं पोखरण्याचं दुखणं नाही. त्यांचं बूड मात्र खरवडावंच लागतं.

पाऊस उघडीप देईल तसतशी कामं निघतात. बूड खरवडणं, सांध्यांतला जुना कापूस काढून नवा ठासणं, वरून लांबी भरणं, तेल पाजणं. इंजिन खोलून सुटं केलेलं असतं. तेल पूर्वी मुशीच्या यकृताचं असे. त्याचा वास धुऊनही जात नसे. काजूच्या टरफलाचं काळं तेलही कोकणच्या किनाऱ्यावर बोटींना लावत आले आहेत. या सगळ्या कामाला कोणी घाई करत नाही. दोन तास काम, मग बोटीच्या सावलीला टेकून विडी, मग पावसाची सर आली की शाकारणीखाली आत. तिथे दोराच्या वेटोळ्यांवर एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, भर दुपारी गाढ झोपलेला असतो. दहा महिने ज्याची झोप भरती-ओहोटीने तोडली, त्याला हे दिवस मिळतात. मला शाकारलेल्या बोटीतली ही झोप फार मोलाची वाटते. कारखान्यातल्या माणसाला आठवड्याला एक वार मिळतो. समुद्रावरच्या माणसाला वार नसतो, त्याला हवामान सोडेल तेव्हाच सुट्टी.

बोटीवरच्या निवांतपणाची चर्चा जगात होते ती बहुधा इंग्लंडच्या कालव्यांमुळे. तिथे अठराव्या शतकात कोळसा आणि माल वाहण्यासाठी कालवे खणले गेले आणि त्यांच्या अरुंद लॉकमधून, म्हणजे पाण्याच्या दरवाजाबंद कप्प्यांमधून, जातील अशा जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबलचक बोटी आल्या. मागच्या टोकाला सुमारे दहा फुटांची खोली, तिच्यात चूल, बिछाना आणि सबंध कुटुंब. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक त्यातून पुन्हा फारशी उठली नाही. आता त्या बोटी लोक हौसेने घेतात, कित्येक जण त्यांत कायमचे राहतात. हिवाळ्यात कालव्यांची देखभाल करणारी संस्था लॉक रिकामे करून दुरुस्त करते. बोटी काठाला बांधलेल्या, आत शेगडी पेटलेली, वाचन आणि चहा. तो निवांतपणा विकत घेता येतो. डहाणूच्या किनाऱ्यावरचा निवांतपणा मात्र उरलेल्या दहा महिन्यांच्या कमाईवर चालतो, आणि ती कमाई कमी पडली की तो सावकाराकडून घ्यावा लागतो.

निवांतपणा पुरुषांचा, हेही सांगितलं पाहिजे. मांगेला आणि माच्छी समाजातल्या बायांची सुट्टी जूनमध्ये सुरू होत नाही. उन्हाळाभर वलांड्यांवर सुकवलेले बोंबील, सुकी मांदेली, जवळा, करंदी हे सगळं आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, साठवलेलं असतं. पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर डहाणूच्या आणि तलासरीच्या बाजारांत आगोटीच्या खरेदीची झुंबड उडते. पुढचे दोन-तीन महिने डोंगराकडच्या घरांत नागलीच्या भाकरीबरोबर हाच सुका बाजार शिजतो. उरलेला माल दमट हवेत टिकवणं ही रोजची कसरत. उघडीप पडली की बाहेर, ढग आले की आत; बुरशीचा एक ठिपका दिसला तरी भाव पडतो. समुद्र बंद असताना घर चालतं ते या टोपल्यांवर. बंदीच्या काळातल्या मदतीचा हिशेब होतो तेव्हा बोट मोजली जाते. टोपली मोजली जात नाही.

बोटीखाली दुसरं मोठं काम जाळ्यांचं. या पट्ट्यातली डोल ही जगातल्या हुशार जाळ्यांपैकी एक. ती ओढायची नसते, धावडवायची नसते. शंकूसारखी लांबलचक पिशवी समुद्रतळाला खुंट मारून किंवा नांगर टाकून बांधून ठेवायची, तोंड प्रवाहाकडे करून. भरती किंवा ओहोटी जोरात वाहते तेव्हा मासळी पाण्याबरोबर आत लोटली जाते. प्रवाह थांबायला आला की जाळं ढिलं पडतं, आणि पाणी उलट फिरायच्या आत ते उचलायचं. म्हणजे इंजिनाचं काम चंद्र करतो. उत्तर किनाऱ्यावर पाण्याचा ओढा जबर, म्हणून डोल इथे फळली; बोंबील, मांदेली, जवळा हा तिचाच माल. तिच्या तोंडाकडचा भाग म्होर, त्याचे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, मोठे. मागे मागे आस बारीक होत जातात आणि शेवटी खोला, जिथे मासळी साठते. खोल्याचे आस इतके बारीक की पिल्लूही सुटत नाही. पापलेटची दालदी जाळी याच्या उलट. रात्री प्रवाहावर सोडलेली ती भिंत. मासा तोंड घालतो आणि कल्ल्यांत अडकतो. आस ठरला की माशाचं मापही ठरलं: लहान आरपार जातो, फार मोठा शिरतच नाही. कोणाच्या जाळ्याचा आस केवढा आणि खुंट कुठवर मारायचे, यावरून डहाणू-सातपाटीकडचे दालदी जाळीवाले आणि वसई-उत्तनकडचे डोलवाले यांच्यात जुनं भांडण आहे. समुद्रात कवी, म्हणजे हे खुंट, मारण्याच्या या वादाला बंदीच्या दिवसांत बैठकांचं रूप येतं, कारण दोन्हीकडची माणसं तेव्हाच घरी सापडतात.

झाईहून पूर्वेला वळलं, महामार्ग ओलांडला की तलासरीचे पाडे लागतात. समुद्र तिथून दिसत नाही, पण तिथले कितीतरी वारली, धोडी, दुबळा तरुण खलाशी आहेत. ते ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. ऑगस्टमध्ये निघायचं ते मेअखेर परतायचं. बंदीचे दोन महिने ते घरी असतात, आणि ते महिने नेमके भाताचे. राब भाजून तयार असतो, पहिल्या पावसाला पेरणी होते, जुलैत आवण उपटून लावणी. गुडघाभर चिखलात वाकून, पाठीवर पावसाची धार घेत, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. घरात शेवळं, कवळी, टाकळा, कर्टुली असं रानातलं ताटात येतं. माणूस महिनोन् महिने बोटीवरचं खाऊन कंटाळलेला असतो, त्याला ही भाजी सणासारखी लागते. किनाऱ्यावर तांडेल शाकारणीखाली झोपतो त्याच दुपारी त्याचा खलाशी लावणीत वाकलेला असतो. बोटीची सुट्टी म्हणजे त्याच्यासाठी दुसरी पाळी. आणि भात निसवतं, कापणी होते, तारपा वाजायला लागतो तेव्हा तो घरी नसतो.

पुढच्या हंगामासाठी उचलही याच दिवसांत हातात पडते. बियाणं, खत, छपराचे पत्रे, पोरांच्या शाळा, सगळं तोंडावर आलेलं. अशा वेळी आगाऊ रक्कम नाकारणं कठीण. वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा १९४५ साली ज्या झरी गावातून उभा राहिला ते तलासरी तालुक्यातलंच, म्हणून या उचलीकडे मी साध्या व्यवहारासारखं पाहू शकत नाही. ती कागदावर यावी. किती, कशापोटी, अपघात झाला तर कोण जबाबदार, हे लिहिलेलं असावं.

अपघाताहून वाईट गोष्टही घडते. सौराष्ट्रासमोरच्या समुद्रात भारत-पाकिस्तानची हद्द पाण्यावर दिसत नाही. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असं ठरवलं गेलं, की सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात. पालघर जिल्ह्यातले कित्येक जण तिथे वर्षानुवर्षं अडकलेले राहिले. २०२४ साली डहाणू तालुक्यातला एक खलाशी तिथेच मरण पावला. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यातली जुलैची यादी ऐन लावणीच्या तोंडावर येते. बाकीचे खलाशी घरी आलेले असतात, एखाद्या घरचा आलेला नसतो, आणि त्याच्या वाटची लावणी बायको आणि भावकी उरकते.

बंदीचं सरकारी कारण दुहेरी आहे: माणसांचा जीव आणि माशांची वीण. पहिलं निर्विवाद. दुसरं बरंचसं खरं, पण सगळ्या माशांना सारखं लागू नाही. बोंबील जवळजवळ वर्षभर वितो. पापलेटची गोष्ट वेगळी, त्याची पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास वाढीला लागलेली असतात. हा चंदेरी पापलेट सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह होता. त्याच मच्छीमारांचं म्हणणं असं, की १ ऑगस्टला समुद्र खुला झाला की जाळ्यांत तळहातापेक्षा लहान पापलेट येतं; आणखी दोन-चार आठवडे थांबलं तर तेच वजनात आणि भावात कितीतरी वाढेल. मला हे म्हणणं पटतं. बंदी वाढवा असं मासे मारणारेच म्हणत असतील तर ते ऐकण्यात शहाणपण आहे. समुद्र बंद असतानाच जमिनीवर मात्र वलगणीचे दिवस असतात. पहिल्या मोठ्या पावसात ओढे शेतांतून वाहायला लागतात आणि गाभोळीने भरलेले गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालायला. बांधाबांधांवर लोक टॉर्च, टोपल्या, जाळी घेऊन उभे. वलगणीचा आनंद मोठा, पण वीण वाचवण्याचा जो नियम समुद्राला लावला त्याच्या अगदी उलट हे चालतं, आणि ओढ्यांतले मासे कमी होत चाललेत याची कुरकूर मग दिवाळीपर्यंत ऐकू येते.

बोटीखालच्या गप्पांत वाढवण बंदराचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर देखरेखीचं प्राधिकरण आलं. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवणला अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. वरोर-वाढवणसमोरचा खडकाळ उथळ समुद्र ही माशांच्या विणीची जागा, असं इथला मच्छीमार सांगत आला आहे. विणीसाठी दोन महिने बोटी बंद ठेवायच्या आणि विणीच्या जागेवर भराव घालायचा, या दोन गोष्टींची सांगड त्याला कोणी समजावून देऊ शकलेलं नाही.

आता नारळी पौर्णिमेकडे. समुद्राला नारळ वाहून मगच बोट पाण्यात घालायची, हा रिवाज श्रद्धेचा आहेच, पण त्यात पाण्याचं शहाणपणही आहे. पौर्णिमा म्हणजे उधाण. मेमधल्या उधाणाच्या रेषेवर बसवलेली बोट पुन्हा तरंगवायला तितकंच पाणी हवं, आणि ते पौर्णिमेच्या सुमारास मिळतं. कायद्याची तारीख इंग्रजी कॅलेंडरवरची, ती चंद्राला विचारत नाही. २०२५ साली १ ऑगस्टला शुद्ध अष्टमी होती, म्हणजे भांग. समुद्र कायद्याने खुला आणि खाडीत पाणी अपुरं. नारळी पौर्णिमा त्यानंतर आठवडाभराने आली. त्याआधी २०२३ मध्ये १ ऑगस्टला पौर्णिमाच होती, पण अधिक श्रावणातली. नारळाची पौर्णिमा ३० ऑगस्टला, जवळजवळ महिन्याने. ज्यांनी रिवाज पाळला ते महिनाभर थांबले असणार, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांना तसं थांबणं परवडत नाही. एक बोट निघाली की दुसरीला धीर धरवत नाही, कारण पहिल्या दिवसांतली मासळी पहिल्याला मिळते.

म्हणून बंदी वाढवायची तर सगळ्यांसाठी एकदम वाढवावी लागेल, आणि त्या दिवसांची भरपाईही द्यावी लागेल. तमिळनाडू बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबाला ८ हजार रुपये देतो. महाराष्ट्राने तेवढं दिलं, त्यात खलाशाचं आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईचं नाव धरलं, आणि १ ऑगस्टऐवजी त्यानंतरच्या उधाणाची तिथी लावली, तर डहाणू-झाईच्या बोटी कोणाच्या भीतीने घाईघाईत चिखलातून ओढाव्या लागणार नाहीत. तलासरीच्या खलाशालाही शेवटचं वावर लावून मग घर सोडता येईल.